नैतिक मूल्ये वस्तुनिष्ठ की व्यक्तिनिष्ठ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल्ये वस्तुनिष्ठ आहेत असे म्हणणारा माणूस नेमका कोणता दावा करत असतो?

‘केवळ गंमत म्हणून लहान मुलाचा छळ करणे वाईट आहे’ हे विधान घेऊ. वस्तुनिष्ठतावादी म्हणतो की हे विधान खरे आहे आणि त्याचे खरेपण तुम्हाला, मला, आपल्या समाजाला किंवा बहुसंख्य मानवजातीला काय वाटते यावर अवलंबून नाही. उद्या एखाद्या राजवटीने सर्वांची मने अशी घडवली की त्यात कोणालाच काही वावगे वाटेनासे झाले, तरीही तो छळ वाईटच राहील. त्याचे वाईटपण ओळखणारा मात्र कोणी उरलेला नसेल. व्यक्तिनिष्ठतावादी याच्या उलट मानतो. त्याच्या मते वाईटपण शेवटी कोणाच्या तरी मनातल्या नापसंतीतून येते, आणि ती नापसंती नाहीशी झाली तर वाईटपणालाही आधार उरत नाही. ही नापसंती एका व्यक्तीची न धरता सबंध समाजाची धरली, की त्या मताला सांस्कृतिक सापेक्षतावाद म्हणतात.

वाद बहुतेक वेळा भरकटतो, कारण या दाव्यात नसलेल्या गोष्टी त्याच्यावर लादल्या जातात. मूल्ये वस्तुनिष्ठ आहेत म्हणजे सर्व माणसे त्यांबद्दल एकमताने बोलतात, असे कोणी म्हणत नाही. वस्तुनिष्ठतावाद्याला स्वतःच्या नैतिक मतांची पक्की खात्री असलीच पाहिजे, असेही नाही. उलट ‘या बाबतीत माझे चुकत असेल’ असे मनापासून म्हणता येण्यासाठी, आपल्या मतापलीकडे बरोबर-चूक असे काहीतरी असावे लागते. नम्रपणा आणि वस्तुनिष्ठता यांचे वैर नाही, हे या पानावर पुन्हा येणार आहे.

वस्तुनिष्ठ नियम म्हणजे निरपवाद नियम का?

नाही. कोणत्याही परिस्थितीत खोटे बोलू नये, अगदी खुनी माणूस आपल्या मित्राचा ठावठिकाणा विचारत दारात उभा असला तरीही, अशी भूमिका इमॅन्युएल कांट यांनी १७९७ मध्ये एका निबंधात मांडली आणि तेव्हापासून ‘वस्तुनिष्ठ’ आणि ‘निरपवाद’ या दोन कल्पना लोकांच्या मनात एकमेकींना चिकटून बसल्या आहेत. परंतु परिस्थिती बदलली की योग्य कृती बदलते, हे मान्य करूनही, दिलेल्या परिस्थितीत कोणती कृती योग्य आहे याचे उत्तर कोणाच्या मर्जीवर अवलंबून नाही, असे म्हणता येते. जीव वाचवण्यासाठी खोटे बोलणे योग्य ठरते, ते बोलणाऱ्याला तसे वाटते म्हणून नव्हे. समोर एक जीव धोक्यात आहे म्हणून.

वेगवेगळ्या समाजांत नीतीविषयी इतके टोकाचे मतभेद आहेत. मूल्ये व्यक्तिनिष्ठ असल्याचा हाच पुरावा नाही का?

हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो फार जुना आहे. हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने इसवी सन पूर्व पाचव्या शतकात एक प्रसंग नोंदवला आहे. पर्शियाचा सम्राट दरायस याने आपल्या दरबारातील ग्रीकांना विचारले की किती मोबदला मिळाला तर ते आपल्या मृत वडिलांचे मांस खातील. कोणत्याही किमतीला नाही, असे ते म्हणाले. मग त्याने कॅलेशियन नावाच्या, आई-वडिलांचे मृतदेह खाण्याची प्रथा असलेल्या लोकांना विचारले की किती मोबदल्यात ते वडिलांचे दहन करतील. ते भयाने ओरडले आणि असे अभद्र बोलू नये, अशी त्यांनी विनवणी केली. रूढी ही सर्वांची राणी आहे, असा निष्कर्ष हिरोडोटसने काढला.

या कथेतून सरळ सापेक्षतावादाकडे जाण्यात दोन अडचणी आहेत. पहिली तर्काची आहे. एखाद्या बाबतीत दोन गटांची मते वेगळी आहेत एवढ्यावरून तिथे सत्यच नाही, असे निघत नाही. पृथ्वी फिरते की सूर्य, याविषयी शतकानुशतके मतभेद होता आणि त्या सर्व काळात पृथ्वीच फिरत होती.

दुसरी अडचण निरीक्षणाची आहे आणि ती अधिक महत्त्वाची आहे. ग्रीक आणि कॅलेशियन यांचे वाद नेमके कशावर होते? मृत आई-वडिलांचा सन्मान केला पाहिजे, यावर दोघांचेही एकमत होते. त्यांच्या संतापाचे कारणच ते होते. सन्मान कोणत्या कृतीतून होतो, याविषयी त्यांच्या रीती आणि बहुधा मृत्यूविषयीच्या समजुती वेगळ्या होत्या. नैतिक मतभेद म्हणून जे समोर येते त्याचा मोठा भाग असा असतो: मूल्य एक, पण वस्तुस्थितीविषयीच्या समजुती किंवा जगण्याची परिस्थिती वेगळी. ऑलिव्हर स्कॉट करी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये जगभरातील ६० समाजांच्या मानववंशशास्त्रीय नोंदी तपासल्या. आप्तांना मदत करणे, आपल्या गटाला साथ देणे, उपकाराची परतफेड करणे, शौर्य, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, वाटप न्याय्य करणे आणि दुसऱ्याच्या मालकीचा आदर करणे, या सात गोष्टींचा जिथे उल्लेख सापडला तिथे त्या जवळजवळ सर्वत्र चांगल्याच मानल्या गेल्या होत्या.

तरीही या उत्तरावर समाधान मानून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मतभेदाचा युक्तिवाद सर्वांत काळजीपूर्वक मांडणारे तत्त्वज्ञ जे. एल. मॅकी यांनी ‘मतभेद आहेत, म्हणून सत्य नाही’ असा भाबडा दावा केलेला नव्हता. त्यांचे म्हणणे असे की लोकांच्या नैतिक मतांची उकल त्यांच्या जीवनपद्धतीवरून जितकी सहज होते, तितकी ती ‘सर्वजण एकाच वस्तुनिष्ठ सत्याकडे पाहतात, पण काहींना ते अंधूक दिसते’ या गृहीतकावरून होत नाही. हा युक्तिवाद वजनदार आहे. मात्र तो प्रत्येक मूल्याला सारखाच लागू पडत नाही. लैंगिक आचाराचे अनेक नियम आणि शिष्टाचार यांची उकल जीवनपद्धतीवरून होते, हे पटण्याजोगे आहे. निरपराध्याला वेदना देणे वाईट आहे, हे मत मात्र अत्यंत भिन्न जीवनपद्धतींत पुन्हापुन्हा आढळते. बहुतेकदा बदलते ते निरपराध कोणाला म्हणायचे आणि आपल्यातला कोणाला मानायचे, एवढेच. आणि हे दोन प्रश्न असे आहेत की त्यांची उत्तरे पुराव्याने खोटी ठरू शकतात.

प्रत्येक संस्कृतीचे बरे-वाईट तिच्यापुरते खरे मानणे, ही अधिक सहिष्णू भूमिका नाही का?

या भूमिकेमागची भावना आदरणीय आहे. स्वतःच्या चालीरीतींना विश्वाचा नियम समजून इतरांना ‘सुधारायला’ निघालेल्या साम्राज्यांनी जे केले, ते पाहूनच विसाव्या शतकातील मानववंशशास्त्रज्ञ सापेक्षतावादाकडे वळले. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, १९४७ मध्ये, अमेरिकन अँथ्रोपॉलॉजिकल असोसिएशनच्या वतीने एक निवेदन संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला देण्यात आले. त्याचा मसुदा प्रामुख्याने मेलव्हिल हर्स्कोविट्स यांचा होता. मूल्ये ज्या संस्कृतीतून येतात तिच्याशी ती सापेक्ष असतात, म्हणून एकाच संस्कृतीच्या मूल्यांवर आधारलेला जाहीरनामा सर्व मानवजातीला लागू करता येणार नाही, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी, १० डिसेंबर १९४८ रोजी, तो जाहीरनामा ४८ विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. आठ देश तटस्थ राहिले. त्याच संघटनेने १९९९ मध्ये मानवी हक्कांना पाठिंबा देणारा जाहीरनामा स्वीकारला.

पण भावना आदरणीय असली तरी युक्तिवाद टिकत नाही. ‘सर्व संस्कृतींनी एकमेकींचा आदर करावा’ हे स्वतःच एक नैतिक विधान आहे आणि ते सर्वांना लागू असल्यासारखे मांडले जाते. प्रत्येक संस्कृतीचे मूल्य तिच्यापुरते खरे असेल, तर असहिष्णू संस्कृतीची असहिष्णुताही तिच्यापुरती योग्यच ठरेल आणि साम्राज्यवाद्यांना त्यांच्याच समाजाच्या मान्यतेचा दाखला देता येईल. बर्नर्ड विल्यम्स यांनी ही विसंगती १९७२ मध्ये नेमकी दाखवून दिली. सहिष्णुता जपायची असेल, तर ती निदान एक मूल्य म्हणून खरोखर चांगली आहे, असे म्हणावे लागते.

याहूनही गंभीर अडचण समाजाच्या आत आहे. ‘त्या संस्कृतीचे मत’ म्हणजे कोणाचे मत? कोणत्याही समाजात प्रथा ठरवणारे आणि प्रथेखाली भरडले जाणारे लोक वेगळे असतात, आणि बाहेरच्या माणसाच्या कानावर सहसा पहिल्यांचेच शब्द पडतात. समाजमान्यता हीच योग्यतेची कसोटी धरली, तर प्रचलित प्रथेविरुद्ध पहिल्यांदा उभी राहणारी व्यक्ती व्याख्येनेच चूक ठरते, आणि बहुमत तिच्या बाजूला आले की त्या दिवसापासून ती बरोबर ठरते. सुधारकाच्या म्हणण्याचा हा अर्थ मुळीच नसतो. त्याचे म्हणणे असे असते की ही प्रथा आजही अन्यायाची आहे आणि तुम्ही ती मान्य केलीत तेव्हाही ती अन्यायाचीच होती. सापेक्षतावाद हा सर्वांत दुर्बळ माणसाच्या बाजूचा आहे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात त्या माणसाच्या हातातले एकमेव साधन, म्हणजे ‘तुम्ही सगळे चुकत आहात’ असे म्हणण्याचा अधिकार, तोच काढून घेतो.

‘माझ्यासाठी बरोबर, तुझ्यासाठी चूक’ असे म्हणून वाद मिटवता येत नाही का?

आवडीनिवडीच्या बाबतीत येतो. नीतीच्या बाबतीत असे म्हटल्याने वाद मिटत नाही, तो अदृश्य होतो. ‘हे वाईट आहे’ याचा अर्थ ‘मला हे आवडत नाही’ एवढाच असेल, तर दोघांपैकी कोणीच दुसऱ्याला नाकारत नाही; दोघेही स्वतःविषयी खरे बोलतात. शिवाय मग कोणालाच आपल्या नैतिक मतात चूक होऊ शकत नाही, कारण स्वतःला काय आवडते याबाबत माणूस सहसा चुकत नाही. ‘तेव्हा मला हे योग्य वाटत होते, पण ते चुकीचे होते’ हे वाक्य आपण सर्वजण कधी ना कधी पूर्ण अर्थाने उच्चारतो. ज्या सिद्धांतात या वाक्याला जागाच उरत नाही, त्याने आपल्या नैतिक जीवनाचा मोठा भाग वगळलेला असतो.

नैतिक विधाने खरी किंवा खोटी नसून केवळ भावनांचे उद्गार आहेत, हे मत काय आहे?

ए. जे. एयर यांनी १९३६ मध्ये हे मत धारदारपणे मांडले आणि सी. एल. स्टीव्हन्सन यांनी १९४४ मध्ये त्याला अधिक सूक्ष्म रूप दिले. ‘पैसे चोरणे वाईट आहे’ असे म्हणणारा माणूस जगाविषयी काही सांगत नाही. चोरीबद्दलचा आपला तिटकारा व्यक्त करतो आणि ऐकणाऱ्यातही तो जागवू पाहतो, असे हे मत आहे. त्याचा एक गुण मान्य केला पाहिजे. नैतिक मत आणि कृती यांचा जवळचा संबंध ते सहज उलगडते: तिटकारा व्यक्त करणारा माणूस ती गोष्ट टाळणारच.

अडचण दिसते ती तर्कात. ‘फसवणूक वाईट असेल, तर दुसऱ्याकडून फसवणूक करवून घेणेही वाईट आहे’ या वाक्याच्या पहिल्या भागात वक्ता कसलाही तिटकारा व्यक्त करत नाही, तो केवळ एक शक्यता मांडतो. तरीही या वाक्याला ‘फसवणूक वाईट आहे’ हे जोडले की निष्कर्ष बिनचूक निघतो. उद्गारांमधून निष्कर्ष निघत नाहीत, विधानांमधून निघतात. पीटर गीच यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी सायमन ब्लॅकबर्न आणि अ‍ॅलन गिबर्ड यांनी पुढची अनेक वर्षे फार बुद्धिमान प्रयत्न केले. त्या प्रयत्नांचा एक परिणाम लक्षणीय आहे. ब्लॅकबर्न यांच्या सिद्धांतात शेवटी ‘खरे’, ‘खोटे’, ‘चूक’, ‘लोकांना काहीही वाटले तरी वाईटच’ हे सर्व शब्दप्रयोग परत येतात. भावनेपासून सुरुवात करणाऱ्यालाही वस्तुनिष्ठतेची भाषा सोडून देणे परवडत नाही, ही बाब माझ्या मते बोलकी आहे.

‘आहे’ वरून ‘असावे’ निघत नाही, हे ह्यूम यांनी सिद्ध केले आहे. मग विषय संपत नाही का?

डेव्हिड ह्यूम यांनी १७३९-४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात एक निरीक्षण नोंदवले: नीतीवर लिहिणारे लेखक ‘असे आहे’, ‘असे नाही’ अशा वाक्यांवरून नकळत ‘असे असावे’, ‘असे असू नये’ अशा वाक्यांवर येतात, आणि हे संक्रमण कसे झाले याचे कारण देत नाहीत. हे निरीक्षण अचूक आहे आणि आजही दररोज उपयोगी पडते. एखादी गोष्ट नैसर्गिक आहे म्हणून ती योग्य, किंवा पूर्वापार चालत आली म्हणून ती योग्य, असे म्हणणाऱ्यांसाठी ते पुरेसे उत्तर आहे.

परंतु त्यातून सिद्ध काय होते? केवळ वर्णनात्मक विधानांतून, मध्ये एकही मूल्यविधान न घालता, मूल्यविधान काढता येत नाही, इतकेच. मूल्यविधाने खरी नसतात, असे त्यातून निघत नाही. गणिताची विधाने निव्वळ निरीक्षणांच्या विधानांतून निघत नाहीत, म्हणून कोणी गणिताला व्यक्तिनिष्ठ म्हणत नाही. जी. ई. मूर यांनी १९०३ मध्ये ह्यूम यांच्या जवळचाच युक्तिवाद वापरला: ‘ही गोष्ट सुखद आहे, हे खरे, पण ती चांगली आहे का?’ हा प्रश्न नेहमी अर्थपूर्ण उरतो, म्हणून चांगुलपणा म्हणजे सुख किंवा असा दुसरा कोणताही नैसर्गिक गुण नव्हे. मूर मात्र कट्टर वस्तुनिष्ठतावादी होते. म्हणजे एकाच दरीकडे पाहून ह्यूम नीतीचे मूळ भावनेत शोधतात आणि मूर तिला स्वतंत्र सत्य मानतात. ती दरी एकटी कोणाच्याच बाजूने निकाल देत नाही.

नैतिक तथ्ये खरोखर असतील, तर ती आहेत कुठे?

वस्तुनिष्ठतावादावरचा मला सर्वांत दखलपात्र वाटणारा आक्षेप हा आहे. मॅकी यांनी १९७७ मध्ये तो असा मांडला: वस्तुनिष्ठ मूल्ये असतील, तर ती विश्वातील इतर सर्व गोष्टींहून अगदी विलक्षण असतील, कारण केवळ त्यांचे ज्ञान झाल्याने माणसावर अमुक करण्याची सक्ती यावी, असे सामर्थ्य त्यांच्यात असावे लागेल, आणि ती ओळखायला आपल्याला डोळे-कान सोडून एखादी विलक्षण शक्तीही लागेल. दगडाला वस्तुमान असते, कृतीला ‘करू-नये-पण’ असते का? मॅकी यांचा निष्कर्ष असा की आपली सर्व नैतिक विधाने वस्तुनिष्ठतेचा दावा करतात आणि तो दावा खोटा असल्याने ती सर्वच चुकीची आहेत.

या आक्षेपात एक गृहीत लपलेले आहे: जे आहे ते जागा व्यापणाऱ्या वस्तूसारखेच असले पाहिजे. नैतिक सत्ये ही वस्तू नाहीत, ती कारणांविषयीची सत्ये आहेत. समोरचा माणूस बुडत आहे, हे त्याला हात देण्याचे कारण आहे. हे कारण त्या माणसाच्या किंवा पाण्याच्या शेजारी पडलेली तिसरी वस्तू नव्हे. आणि कारणे ही केवळ नीतीची मिरासदारी नाही. पुरावा भक्कम असेल तर ती गोष्ट मान्य केली पाहिजे, स्वतःच्या दोन मतांत विसंगती आढळली तर निदान एक सोडले पाहिजे, हीही ‘केले पाहिजे’ या स्वरूपाचीच विधाने आहेत. ‘करू-नये-पण’ विलक्षण म्हणून नाकारायचे, तर ‘मानू-नये-पण’ही नाकारावे लागेल, आणि तसे केले तर ‘मॅकी यांचा युक्तिवाद चांगला आहे, म्हणून तो मान्य केला पाहिजे’ असे म्हणण्याची सोयही राहणार नाही. हा प्रतिवाद नैतिक सत्ये सिद्ध करत नाही. विलक्षणपणाचा मुद्दा पुढे करणाऱ्याला तो कुठे थांबवायचा हे सांगता येत नाही, एवढे मात्र त्यातून दिसते.

आपली नैतिक जाणीव उत्क्रांतीतून आली आहे. मग तिच्यावर विश्वास कशाला ठेवायचा?

शॅरन स्ट्रीट यांनी २००६ मध्ये वस्तुनिष्ठतावाद्यांसमोर एक पेच उभा केला. अपत्यांची काळजी घेणे, उपकार जाणणे, आपल्या गटाशी निष्ठा राखणे या वृत्तींनी आपल्या पूर्वजांना तगून राहायला मदत केली, म्हणून त्या आपल्यात रुजल्या. नैसर्गिक निवडीला सत्याशी कर्तव्य नव्हते, संततीशी होते. मग आपली मूल्ये आणि वस्तुनिष्ठ सत्ये जुळत असतील तर तो निव्वळ योगायोग मानायचा, की उत्क्रांतीने आपल्याला सत्याकडे नेले असे शास्त्रीय आधाराविना म्हणायचे?

पेच खरा आहे. पण आपली सर्व मूल्ये नैसर्गिक निवडीने जशी दिली तशीच राहिली असती, तर परक्या टोळीतील माणसाचे दुःख आपल्याला दुःख वाटले नसते. माणसाने तिथे थांबायला नकार दिला. ‘माझी वेदना वाईट आहे ती माझी आहे म्हणून, की वेदना आहे म्हणून?’ हा प्रश्न त्याने विचारला आणि उत्तराच्या मागे तो स्वतःच्या वंशाच्या हिताविरुद्धही गेला. मोजण्याची, तर्क करण्याची क्षमताही उत्क्रांतीनेच दिली. तिचा उपयोग करून आपण तगून राहण्याशी काडीचाही संबंध नसलेले गणित शोधले. अर्थात विचाराची सुरुवात ज्या जाणिवांपासून होते त्या उत्क्रांतीच्याच आहेत, हे स्ट्रीट यांचे उत्तर राहते. म्हणून आपल्या गटाच्या, वंशाच्या किंवा घृणेच्या बाजूने बोलणाऱ्या जाणिवांकडे अधिक संशयाने पाहावे, हा धडा वस्तुनिष्ठतावाद्याने या युक्तिवादातून जरूर घ्यावा.

वस्तुनिष्ठ नीतीसाठी ईश्वर मानावा लागतो का?

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस विचारतो: जे पवित्र आहे ते देवांना प्रिय आहे म्हणून पवित्र आहे, की पवित्र आहे म्हणून देवांना प्रिय आहे? पहिला पर्याय घेतला, तर ईश्वराने क्रौर्याची आज्ञा दिली असती तर क्रौर्य चांगले ठरले असते, आणि ‘ईश्वर चांगला आहे’ या स्तुतीला काही अर्थ उरत नाही. दुसरा घेतला, तर चांगुलपणा ईश्वराच्या इच्छेपासून स्वतंत्र आहे. ईश्वराच्या इच्छेवर नव्हे तर त्याच्या स्वभावावर चांगुलपणा आधारलेला आहे, असे उत्तर अनेक श्रद्धावंत विचारवंतांनी दिले आहे, आणि ते विचारात घेण्याजोगे आहे. पण तो स्वभाव चांगला कशामुळे, हा प्रश्न तिथेही एक पायरी मागे उभा राहतो. भारतीय परंपरेत मीमांसकांनी धर्माला वैयक्तिक मर्जीपलीकडचे मानले, पण त्याचा कर्ता म्हणून ईश्वराची गरज त्यांना वाटली नाही. वेद अपौरुषेय आहेत, म्हणजे कोणीच रचलेले नाहीत, अशी त्यांची भूमिका होती. तेव्हा ईश्वराला मानणाऱ्यांत आणि न मानणाऱ्यांत, दोन्हीकडे वस्तुनिष्ठतावादी पूर्वापार आहेत.

वस्तुनिष्ठतावाद आणि व्यक्तिनिष्ठतावाद या दोहोंमधला मार्ग आहे का?

आहे, आणि आज अनेक विचारवंत त्याच मार्गावर आहेत. त्याला रचनावाद म्हणतात. नैतिक सत्ये आपल्या विचारापासून पूर्ण अलिप्त अशी कुठे वाट पाहत नसतात. ती योग्य रीतीने केलेल्या विचारातून निष्पन्न होतात. टी. एम. स्कॅनलन यांनी १९९८ मध्ये मांडल्याप्रमाणे, जी कृती इतरांना वाजवीपणे नाकारता येणार नाही अशा तत्त्वांनी मना केलेली असते, ती चूक असते. इथे ‘वाजवीपणे’ या शब्दावर सर्व भार आहे. सगळ्यांना प्रत्यक्षात काय वाटते, यावर निकाल नाही, म्हणून हे मत व्यक्तिनिष्ठ नाही. परंतु वाजवी काय हे आधी ठरलेले असेल, तर वस्तुनिष्ठता मागच्या दाराने आत आलेली आहे.

तत्त्वज्ञांचे आणि सर्वसामान्य लोकांचे याविषयी काय मत आहे?

नीतीशास्त्राबाहेर असा समज आहे की शिकलेला माणूस सापेक्षतावादीच असणार. फिलपेपर्स या संस्थेने २०२० मध्ये तत्त्वज्ञांचे सर्वेक्षण केले तेव्हा सुमारे ६२ टक्के नैतिक वास्तववादाच्या, म्हणजे नैतिक सत्ये खरोखर असतात या मताच्या, बाजूचे किंवा त्याकडे झुकलेले आढळले आणि सुमारे २६ टक्के विरोधी बाजूचे. बहुमताने सत्य ठरत नाही. पण वर उल्लेखलेला समज मात्र या आकड्यांनी खोटा ठरतो.

सर्वसामान्य लोक सरसकट एका बाजूचे नाहीत. जेफ्री गुडविन आणि जॉन डार्ली यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, तीच माणसे काही नैतिक विधानांना जवळजवळ वैज्ञानिक तथ्यांइतके वस्तुनिष्ठ मानत होती आणि इतर काहींना बरेच कमी. मला यात गोंधळ दिसत नाही. ‘नैतिक मूल्ये’ नावाचे एकच गाठोडे नसून त्यात वेगवेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत, हे लोकांनी ओळखलेले असावे.

नैतिक सत्ये असतील, तर ती ओळखायची कशी?

जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये चिंतनात्मक समतोल या नावाने वर्णन केलेली पद्धत बहुतेक जण, नाव माहीत नसतानाही, वापरतात. विशिष्ट प्रसंगांविषयीचे आपले विचारपूर्वक घेतलेले निर्णय आणि आपली सर्वसाधारण तत्त्वे शेजारी ठेवायची. जुळत नसतील तिथे कधी तत्त्व दुरुस्त करायचे, कधी निर्णय. यात शेवटचा शब्द कोणाचाच नसतो, आणि विज्ञानातही तो नसतो.

गुलामगिरीचा इतिहास या पद्धतीचे मोठे उदाहरण आहे. अ‍ॅरिस्टॉटलसारख्या विचारवंताने काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, असे प्रतिपादले होते. ब्रिटनने गुलामांचा व्यापार १८०७ मध्ये बंद केला, आपल्या बहुतेक वसाहतींतील गुलामगिरी रद्द करणारा कायदा १८३३ मध्ये केला, आणि मॉरिटानियाने तर १९८१ मध्ये. या बदलात आर्थिक कारणे होती, गुलामांनी स्वतः केलेले उठाव होते, सत्तेचे हिशेब होते. तो केवळ युक्तिवादाचा विजय होता, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. पण युक्तिवादाच्या बाजूने काय घडले तेही पाहावे. समर्थकांचे प्रत्येक कारण एखाद्या दाव्यावर उभे होते: या लोकांना बुद्धी कमी आहे, त्यांना स्वातंत्र्य पेलणार नाही, त्यांचे दुःख आपल्यासारखे नाही. हे दावे एकेक करून खोटे ठरले आणि मग त्या प्रथेच्या खाली उभे राहायला काही उरले नाही. तिचा त्याग हा आवडीतला बदल असता, तर आपण ‘आता आम्हाला हे रुचत नाही’ एवढेच म्हटले असते. आपण ‘ते कधीच योग्य नव्हते’ असे म्हणतो.

मूल्ये व्यक्तिनिष्ठ आहेत, हे मान्य केले तर नीती कोसळते का?

तसे दिसत नाही. मॅकी यांनी वस्तुनिष्ठ मूल्ये नाकारूनही आपल्या ग्रंथाचा मोठा भाग माणसांनी एकत्र कसे जगावे या विचाराला दिला. व्यक्तिनिष्ठतावादी माणसेही प्रामाणिक, दयाळू आणि धैर्यवान असतात, आणि वस्तुनिष्ठतेची ग्वाही देणाऱ्यांनी भीषण कृत्ये केलेली आहेत. एखादे मत मानणारे लोक चांगले वागतात की वाईट, यावरून त्या मताचा खरेखोटेपणा ठरवू नये.

वस्तुनिष्ठतेच्या बाजूने झुकल्यानंतरही कोणता प्रश्न सुटलेला नाही?

एका काल्पनिक माणसाचा. तत्त्वज्ञ त्याला रोमन सम्राट कॅलिग्युला याचे नाव देतात. त्याला इतरांना छळण्यातच आनंद वाटतो, त्याच्या मतांत कोणतीही विसंगती नाही, वस्तुस्थितीविषयी त्याचा कोणताही गैरसमज नाही, आणि कितीही विचार केला तरी त्याला छळ थांबवण्याचे कारण दिसत नाही. स्ट्रीट म्हणतात की अशा माणसाकडे खरोखरच छळ थांबवण्याचे कारण नाही. आपल्याकडे त्याला रोखण्याची कारणे आहेत, इतकेच. वस्तुनिष्ठतावादी म्हणतो की कारण आहे, त्याला ते दिसत नाही.

मी दुसऱ्या बाजूला आहे. त्याच्या हाताखाली असलेल्या माणसाची वेदना हेच थांबण्याचे कारण आहे, आणि ते कारण त्या वेदनेत आहे, छळणाऱ्याच्या मनोवृत्तीत नाही. मात्र ते त्याला पटवून देण्याचा कोणताही युक्तिवाद माझ्याजवळ नाही, कारण प्रत्येक युक्तिवादाला जिथून सुरुवात करावी लागते ती जागाच त्याच्यात रिकामी आहे. न पटवता येणे आणि खरे नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे मी मानतो. हा फरक ज्याला मान्य नाही, त्याला माझे उत्तर अपुरे वाटेल, आणि त्याच्याशी चालणारी चर्चा नीतीविषयी नसून सत्य आणि पटवून देणे यांच्या नात्याविषयी असेल.